आधी केशरी, मग तपकिरी: ब्लीच केलेले केस घरी गडद करताना

मे महिन्याच्या सुरुवातीला माझ्या डोक्यावर तीन रंग नांदत होते. मुळाशी दोन इंच काळा, त्याखाली फिकट सोनेरी आणि टोकांना नुसताच पांढरट पिवळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये हौसेने ब्लीच करून घेतलं होतं. जानेवारीत मुळांचं टचअप झालं, मार्चमध्ये शेवटचा टोनर, म्हणजे ब्लीचनंतरचा पिवळेपणा दाबणारा हलका रंग. त्यानंतर मी पार्लरची पायरी चढले नाही. सोनेरी केस मला शोभत नव्हते असं नाही, पण ते सांभाळणं हे एक स्वतंत्र खातं आहे आणि त्या खात्यात पैसा फक्त जातो. दर पाच-सहा आठवड्यांनी टोनर, घरी त्याच पिवळेपणासाठी जांभळा शाम्पू, वर मास्क. त्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत उन्हाळा लागला की टँकर सुरू. ते पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. पार्लरमधून आणलेली राखाडी झाक त्या पाण्याने आठवड्याभरात उतरायची आणि खालचा पिवळा वर यायचा.

केस परत काळे करायचे नव्हते. काळी मुळं आणि खालचा रंग यांच्यात भांडण दिसणार नाही इतपत गडद, उन्हात मधाळ दिसेल असा तपकिरी हवा होता. म्हणजे मग केस वाढत गेले तरी चालतील आणि दर महिन्याची धावाधाव संपेल.

उपाय सांगणारे घरात भरपूर. सासूबाईंचं एकच म्हणणं, "काळे कर आणि मोकळी हो." आईने फोनवर मेंदी सुचवली, त्यावर नीळ पावडर. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ब्राऊनचं पाकीट आणू का?" तिघींचा हेतू चांगला होता, पण तिन्ही गोष्टी मी बाजूला ठेवल्या. ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो, रंग ढोसतो. त्यावर काळा बसला की अगदी सपाट दिसतो, आणि उद्या मन बदललं तर तो काढायला पुन्हा ब्लीचच लागतं. माझ्या टोकांमध्ये तेवढा जीव उरलेला नव्हता. मेंदी काळ्या केसांवर तांबूस दिसते, पण फिकट सोनेरीवर भडक केशरी चढते आणि निघत नाही. ब्लीचवर नीळ लावली तर केस हिरवट-निळे होण्याची भीती असते. राहिलं पाकीट. त्यात एकच शेड असते आणि सोबतचा डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, बहुतेक वेळा माझ्या कामापेक्षा जास्त तीव्र असतो.

एका पार्लरमध्ये विचारून आले. याला ते लोक कलर करेक्शन म्हणतात. ९,००० रुपये, वर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२० आणि कदाचित दोन वेळा यावं लागेल. तिथली मुलगी सरळ होती. केसांची बट हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, थेट ब्राऊन मारला तर शेवाळी होईल. आधी फिलर लागतो." पैसे मी दिले नाहीत, पण तिचं हे एक वाक्य मात्र घेऊन आले.

त्या वाक्यामागचा हिशेब समजून घेतला की बाकीचं सोपं होतं. तपकिरी हा एकट्याने उभा राहणारा रंग नाही. त्यात पिवळा, लाल, निळा तिन्ही असतात. आपला काळा केस ब्लीच करताना आधी लाल होतो, मग केशरी, मग पिवळा, आणि शेवटी फिकट पिवळा उरतो. म्हणजे सोनेरी होईपर्यंत केसातला लाल आणि केशरी निघून गेलेला असतो. अशा केसावर तपकिरी रंग चढवला की रंगाच्या नळीतला निळा खालच्या पिवळ्याला भेटतो आणि दोघांना आवरायला लाल कुणी नसतो. निळा अधिक पिवळा, दुसरं काय होणार? म्हणून आधी केशरी परत भरायचा, हाच तो फिलर, आणि त्यावर तपकिरी चढवायचा. दोन-अडीच पायऱ्यांपेक्षा जास्त गडद जायचं असेल तर हे भरणं टाळू नये.

पायऱ्या म्हणजे शेडकार्डावरचे आकडे. पहिला आकडा रंग किती गडद ते सांगतो. १ काळा आणि १० सगळ्यात फिकट सोनेरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. .० म्हणजे नुसता, .१ राखाडी, .३ सोनेरी, .४ तांबूस. .३४ म्हणजे सोनेरी जास्त, तांबूस थोडा. नावांवर जाऊ नका, आकड्यांवर जा. ६ ला कार्डावर डार्क ब्लाँड लिहिलेलं असतं, आपल्याकडे त्याला कुणीही तपकिरीच म्हणेल. माझे केस मधल्या लांबीत ९ वर होते आणि मला साधारण साडेसहावर उतरायचं होतं. ब्लीच केलेले केस रंग जास्त ओढतात, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा फिकट आकडा धरायचा.

अजून एक गोष्ट दुकानात जायच्या आधीच समजली ते बरं झालं. टिंबानंतरचे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. लोरिआलच्या यादीत .६ म्हणजे लाल, वेलाच्या यादीत /६ म्हणजे जांभळा. लोरिआलचा .२ जांभळट, तर वेलाचा /२ हिरवट. दोन कंपन्यांच्या नळ्या एका वाडग्यात आल्या तर काय खिचडी होईल, विचार करा. सगळ्या नळ्या आणि डेव्हलपर एकाच कंपनीचे घ्यायचे हे तिथेच ठरलं.

१७ मे, शनिवार. जलद लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि बाजारही अर्धा बंद, म्हणून शनिवार. पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानांत सकाळी अकराच्या सुमारास गर्दी कमी असते. नंतर पार्लरवाल्या मोठमोठ्या याद्या घेऊन येतात आणि आपल्यासारख्या पाच नळ्यांच्या गिऱ्हाइकाकडे कुणी बघत नाही.

"पार्लर का, मॅडम?" दुकानदाराचा पहिला प्रश्न.

"नाही, घरीच."

"मग ट्वेंटी व्हॉल्युम देतो. सगळे तेच नेतात."

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. २० व्हॉल्युम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पांढरे केस झाकायला किंवा रंग थोडा उजळायला ते लागतं. मला काहीच उजळायचं नव्हतं. उलट ते माझ्या काळ्या मुळांना लागलं असतं तर तिथे लालसर पट्टा उठला असता. मला हवा होता डेमी-परमनंट रंग, म्हणजे धुण्यांबरोबर हळूहळू उतरणारा, अमोनियाशिवायचा, आणि त्याच्यासोबतचा सौम्य, दोन टक्क्यांच्या आतला डेव्हलपर. दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या केसांकडे बघितलं आणि माळ्यावरून खोका काढायला पोऱ्याला वर चढवलं. मग शेडकार्ड उघडलं. त्यात खऱ्या केसांसारख्या छोट्या बटा चिकटवलेल्या असतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून कार्ड उचलून बाहेर फूटपाथवर घेऊन गेले. दुकानदार काही बोलला नाही, पोऱ्याला मात्र माझ्या मागे उभं केलं.

घेतलेल्या नळ्या: ८.३४, ७.०, ७.३, ६.० आणि ५.०, प्रत्येकी ६० ग्रॅम, साधारण साडेतीनशे रुपयांना एक. एक लिटर डेव्हलपर ४२०. प्लास्टिकचा वाडगा आणि दोन ब्रश १६०. हातमोजे १२०. सगळे मिळून २,४५० रुपये. बिल मागून घ्या. उघडलेली नळी कुठलाच दुकानदार परत घेत नाही, पण आतली चांदीची सीलपट्टी फुटलेली निघाली तर बिल कामाला येतं.

खोक्यावरचं बारीक लिखाण वाचायला जवळचा चष्मा न्या. उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच नंबर. माल परदेशातून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक खोक्यावर असायला हवा. तो नसेल तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. आणि रंगात पीपीडी किंवा त्या कुळातली रसायनं असतील तर आपल्या कायद्याने इशारा छापावाच लागतो: त्वचेवर त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, पापण्या आणि भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा शेवटचा मुद्दा मी जावेला मोठ्याने वाचून दाखवला, कारण उरलेल्या रंगात भुवया रंगवायचा तिचा बेत होता.

पॅच टेस्ट गुरुवारी, २२ मेच्या संध्याकाळी. कानामागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला, दोन्ही जागा साबणाने धुऊन, डेव्हलपरमध्ये कालवलेला रंग वाटाण्याएवढा. पत्रकात २४ तास लिहिलेलं असतं. मी दोन दिवस धरले, कारण अशी ॲलर्जी उशिरानेही उठते. खाज, पुरळ, सूज यातलं काहीही दिसलं तर विषय तिथेच बंद. पूर्वी कधीतरी जत्रेत काळी मेंदी काढून हातावर फोड आले असतील तर चाचणीच्या भानगडीत न पडता थेट त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा हेच पीपीडी असतं.

मला खरी मजा आली ती गुंतवळीवरच्या प्रयोगांत. मार्चपासून विंचरताना निघालेले सोनेरी केस मी झिपच्या पिशवीत जमा करत होते. सासूबाईंना वाटलं, केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी साठवतेय. त्यातले लांब केस निवडून, पांढऱ्या दोऱ्याने एका टोकाला घट्ट बांधून पेन्सिलीच्या जाडीच्या बटा केल्या. आधी धुऊन वाळवल्या, कारण तेलकट बटेवर खरा निकाल कळत नाही. केकसाठी आणलेला डिजिटल काटा काढला. रंग २ ग्रॅम, डेव्हलपर ४ ग्रॅम. माझ्या कंपनीचं प्रमाण एकास दोन आहे, काहींचं एकास एक किंवा एकास दीड असतं, ते पत्रकात बघायचं. डब्याच्या पांढऱ्या झाकणावर एकेक बट ठेवून रंग चोळला आणि शेजारी चिकटपट्टीवर आकडे लिहिले.

नुसता ६.० लावलेली बट घरात ठीक दिसली. गॅलरीत नेली तर ती पार्लरवाली खरी निघाली. साचलेल्या पाण्यावर धरते तशी झाक. जाऊ म्हणाली, "ई!" आणि तेवढं पुरे होतं. दुसऱ्या बटेवर ७.० आणि ७.३ समसमान, फिलर न लावता. ही सुंदर आली. मन म्हणालं, हेच करू, एक पायरी वाचली. पण तीच बट शाम्पूने तीन-चारदा धुतली तर रंग पार उतरला, मागे मळकट पिवळा उरला. तिसऱ्या बटेवर आधी ८.३४ लावून वीस मिनिटं ठेवला, नुसत्या पाण्याने धुतला, टिपला आणि त्यावर ७.०, ७.३, थोडा ६.० असं मिश्रण. तितक्याच धुण्यांनंतर ही बट थोडी उजळली, पण रंग तपकिरीच राहिला. फिलर नुसता हिरवेपणा रोखत नाही, वरचा रंग धरूनही ठेवतो, हे त्या बटेने दाखवलं. मग ६.० कमी-जास्त करून आणखी काही बटा रंगवल्या आणि प्रमाण पक्कं केलं.

मिश्रणाचं गणित तसं साधं आहे. ६ आणि ७ समप्रमाणात घेतले की रंग साडेसहाच्या आसपास येतो, किंचित गडद बाजूला झुकतो. एकच झाक असलेली नळी वापरली तर डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं. .० ने जाडी येते, .३ ने जीव येतो. राखाडी .१ मी मुद्दाम घेतला नव्हता, माझ्या केसांत निवळायला केशरी होताच कुठे?

शनिवारी रात्री क्षार काढणाऱ्या शाम्पूने केस धुतले, कंडिशनर नाही, तेल तर नाहीच. त्याआधी टोकांचा एक इंच कापून टाकला होता. मेलेल्या टोकांवर रंग घालण्यात अर्थ नाही, तिथे तो काळपट बसतो.

रविवार, २५ मे. पालिकेचं पाणी सकाळी सहा ते साडेसात. दोन बादल्या आणि एक टब भरून ठेवला, कारण दिवसभर नळाला टँकरचंच पाणी असतं आणि ते या कामात नको होतं. जुना गाऊन, जुना टॉवेल, फरशीवर वर्तमानपत्रं. कपाळ आणि कानाच्या कडेला व्हॅसलीन. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर रंग सुकून बसतो आणि सुकलेला रंग काम करत नाही. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद करून तासभर बसणं ही या सगळ्यातली खरी परीक्षा, बाकी रसायनशास्त्र वगैरे ठीक आहे. वाडगा प्लास्टिकचा किंवा काचेचा, स्टीलचा नाही. केसांचे चार भाग करून चिमटे लावले. मागची बाजू जावेकडे. एकटीने करणार असाल तर दोन आरसे समोरासमोर ठेवून आदल्या दिवशी नुसत्या कंडिशनरने हात बसवून घ्या.

पहिला वाडगा: ८.३४ चे ४० ग्रॅम आणि डेव्हलपर ८०. फक्त सोनेरी भागावर, काळ्या मुळांना न लावता. खांद्याखाली चार बोटं लांब आणि मध्यम दाट केसांना हे पुरलं. पाचव्या मिनिटाला रंग दिसू लागला आणि पंधराव्याला मी आरशात बघणं थांबवलं. सासूबाई चहाला आल्या, दारातच थबकल्या. "अगं बाई! भगवी झालीस की. वारीला निघालीस का?"

खरं सांगते, पोटात गोळा आला. तिसरी बट डोळ्यांसमोर असूनही आला. गुंतवळीवर केशरी बघणं वेगळं आणि तो आपल्या डोक्यावर बघणं वेगळं. जावेने ती रंगवलेली बट आणून हातात दिली आणि म्हणाली, "ताई, आता मध्ये थांबलात तर असंच राहील."

वीस मिनिटांनी धुतलं, शाम्पू नाही, नुसतं पाणी. टॉवेलने टिपून केस ओलसर ठेवले. निथळत असतील तर पुढचा रंग पातळ होतो.

मग दोन वाडगे एकदम. छोट्यात ५.० आणि ६.० दहा-दहा ग्रॅम, डेव्हलपर ४०. हा काळी मुळं जिथे संपतात तिथून खाली दीड इंच, आणि कडा सरळ रेषेत न ठेवता ब्रशच्या टोकाने वर-खाली. रेघ सरळ राहिली तर लांबून पट्टा दिसतो. मोठ्यात ७.० चे ३० ग्रॅम, ७.३ आणि ६.० चे पंधरा-पंधरा, डेव्हलपर १२०. हा मधल्या लांबीला. दोन्ही रंग भेटतात तिथे हातमोज्याच्या बोटांनी चिमटीत धरून खाली ओढले, म्हणजे सांधा विरतो. टोकं सगळ्यात शेवटी, शेवटच्या आठ मिनिटांसाठी, कारण ती सगळ्यात तहानलेली असतात.

वाडग्यातला रंग हवेने काळा-जांभळा होत जातो. डोक्यावरही तसाच दिसतो. त्याने घाबरू नये आणि त्यावरून अंदाजही बांधू नये. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या टिश्यूने पुसून बघायची, खरा रंग तो. पत्रकात वीस मिनिटं होती, माझी बट अठराव्या मिनिटाला हवी तशी झाली आणि मी लगेच धुवायला गेले. आधी थोडं पाणी घेऊन हलक्या हाताने चोळायचं, मग भरपूर ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बादलीतलं पाणी इथेच संपत आलं, म्हणून म्हणते, आधी साठवा. शेवटी कंडिशनर. पांढऱ्या फरशीवरचे डाग तेव्हाच्या तेव्हा पुसले की निघतात, संध्याकाळी नाही.

कालवलेला रंग उरला तर झाकणाच्या डब्यात ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, डबा फुगून फुटू शकतो. सरळ फेकायचा. नळ्यांमधला न कालवलेला रंग मात्र तोंड पुसून, टोपण घट्ट लावून ठेवता येतो.

ओले केस जवळजवळ काळे दिसत होते. सासूबाई खूश, मी नाही. ओला केस नेहमीच गडद दिसतो हे माहीत असूनही पुढचा तासभर मी कुणाशी नीट बोलले नाही. ड्रायर वापरायचा नव्हता. केस वाळत गेले तशी आधी टोकं उजळली, मग मधला भाग. चारच्या उन्हात गॅलरीत उभी राहिले. मुळांचा काळा, त्याखाली गडद तपकिरी आणि पुढे भाजलेल्या बदामाकडे जाणारा. माझ्या साडेसहापेक्षा थोडा गडद होता, पण हिरवा कुठेच नव्हता. डाव्या कानामागे एक बट फिकट राहिली आहे. केस मोकळे सोडले की झाकली जाते आणि बांधले की दिसते. जाऊ म्हणते ती तिची सही आहे.

पुढचे दोन दिवस केस धुतले नाहीत. मग सल्फेट नसलेला शाम्पू, कोमट किंवा गार पाणी. पहिल्या तीन-चार धुण्यांना पाण्यातून रंग जातोच, त्याचा धसका घेऊ नका. मी थोडा गडद ठेवला होता तो याच हिशेबाने खाली आला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला हवा होता तिथे बसला. उशीला जुना अभ्रा घाला. घामाने पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला तपकिरी कड येते, तेव्हा महिनाभर पांढरे कपडे कपाटात. टँकरच्या पाण्यावर मला एकच परवडणारा उपाय सापडला: शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे. शॉवरला लावायचे ते छोटे फिल्टर मिळतात, पण त्यांनी पाण्याचा जडपणा फारसा जात नाही. जांभळा शाम्पू मात्र आता कपाटाच्या मागे गेला. तपकिरीवर तो वापरला तर जो उबदारपणा एवढ्या कष्टाने भरला तोच फिका पडतो.

डेमी रंग कायमचा नसतो, आणि ब्लीच केलेल्या केसांतून तर तो लवकर निघतो. जूनच्या अखेरीस टोकं पुन्हा सोनेरीकडे झुकायला लागली. ६ जुलैचा रविवार ठरवला होता, पण त्या दिवशी आषाढी. उपवासाच्या घरात सकाळी बाथरूम अडवून बसायची नाही असं फर्मान निघालं, म्हणून पुढच्या शनिवारी केलं. या वेळी फिलर नाही, छोटा वाडगा नाही. ७.० आणि ७.३ समसमान, फक्त मधल्या लांबीला आणि टोकांना, दहा मिनिटं. सामान घरात होतंच, त्यामुळे नवा खर्च शून्य. डेव्हलपरची बाटली अजून अर्ध्याहून जास्त आहे. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ती अंधाऱ्या फळीवर ठेवली आहे, उन्हात पेरॉक्साइडचा जोर जातो. पुढचा हात बहुधा गणपतीच्या आधी द्यावा लागेल. ७.० ची नळी तेवढी नवी आणावी लागेल.

आता जाऊ मागे लागली आहे की उरलेल्या ५.० मध्ये तिचे पांढरे केस झाकून द्या. तिचे निम्म्याहून जास्त पांढरे आहेत, त्याला हा सौम्य रंग पुरणार नाही. तिथे परमनंट रंग आणि दुकानदार मला देत होता तोच २० व्हॉल्युम लागेल. कानामागची टेस्ट तिची गुरुवारी आहे.